चूक पोटात घालण्यापूर्वी

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका रुग्णालयातील परिसेविका, म्हणजे वॉर्डाच्या प्रमुख परिचारिका, लिहितात की, सहा महिन्यांपूर्वी त्यांच्या वॉर्डातील एका नव्या अधिपरिचारिकेच्या (स्टाफ नर्सच्या) हातून मधुमेहाच्या रुग्णाला इन्शुलिन देताना चूक झाली. नातेवाइकांनी बाहेरच्या दुकानातून आणलेली कुपी एका मिलिलिटरला १०० युनिटची होती आणि वॉर्डातील सिरिंज नेहमीप्रमाणे ४० युनिटच्या, म्हणजे एका मिलिलिटरला ४० युनिट धरून खुणा केलेल्या, होत्या. तिने २० च्या खुणेपर्यंत औषध भरले आणि रुग्णाला २० ऐवजी ५० युनिट गेले. काही वेळाने तो घामाने भिजला, असंबद्ध बोलू लागला आणि ग्लुकोमीटरवर साखर ३८ पर्यंत घसरलेली दिसली. शिरेतून डेक्स्ट्रोज दिल्यावर तो सावरला आणि चार दिवसांनी चालत घरी गेला. चौकशी झाली, मुलीला लेखी ताकीद मिळाली, तिने रडून माफी मागितली. प्रकरण कागदावर संपले, पण परिसेविकांच्या मनातून ते गेले नाही. ती मुलगी समोर आली की कपाळाची शीर उडते. तिची प्रत्येक नोंद त्या दोनदा तपासतात. इतरांशी बोलताना असलेला मऊपणा तिच्याशी बोलताना आपोआप नाहीसा होतो. घरी आई सांगतात, “स्वतःच्या चुका आठव, म्हणजे राग जाईल.” त्यावर त्या लिहितात, “मी प्रामाणिकपणे आठवून पाहिले. लहानसहान चुका पुष्कळ सापडल्या, पण एवढी मोठी एकही सापडली नाही. मग क्षमा कशाच्या आधारावर करायची? आणि केली, तर वॉर्डात शिस्त राहील का?”

मी चौतीस वर्षे या कामात काढली, शेवटची काही वर्षे अधिसेविका (मेट्रन) म्हणून, आणि आता परिचर्येच्या विद्यार्थिनींना शिकवते. या काळात शेकडो चुकांचे कागद माझ्या टेबलावरून गेले. त्या अनुभवावरून सांगते की तुमच्या आईंचा सल्ला बरोबर आहे. मात्र तो ज्या रीतीने दिला-घेतला जातो, त्या रीतीने तो बहुधा कोणाच्याच उपयोगी पडत नाही. आपण त्याचा अर्थ हिशेबासारखा लावतो, म्हणजे माझ्या नावावर एवढी चूक, तिच्या नावावर तेवढी, दोन्हींची वजावट झाली की राग फिटला. तुम्ही नेमके हेच केलेत. तागडीच्या एका पारड्यात ठेवण्यासाठी तुम्ही तेवढ्याच वजनाची स्वतःची चूक शोधायला गेलात आणि ती मिळाली नाही, म्हणून तागडी तिच्याच बाजूला झुकलेली राहिली. अशी समान वजनाची चूक मिळाली असती, तरी तिने काही साधले असते असे मला वाटत नाही. “मीही चुकले, तूही चुकलीस, जाऊ दे” यात चूक विसरायची सोय होते. तिला क्षमा म्हणणे मला जड जाते.

मला स्वतःला हे फार उशिरा समजले, आणि ज्या गोष्टीमुळे समजले ती तुमच्यापुढे मांडणे भाग आहे.

१९८८ सालची गोष्ट. नोकरीचे तिसरे वर्ष, पुरुषांचा सर्जिकल वॉर्ड, रात्रपाळी. चाळीसच्या वर रुग्ण आणि मी एकटी. सोबतीला एक आया. पहाटे चारच्या सुमाराला प्रतिजैविकांची फेरी असे. तेव्हा काचेच्या सिरिंज उकळून वापरायच्या आणि कुपीतली पावडर डिस्टिल्ड वॉटरच्या काचेच्या अँप्यूलमधले पाणी घालून विरघळवायची. मी ट्रेमधून अँप्यूल उचलली, मान मोडली, पाणी ओढले, पावडर विरघळवली, सिरिंज भरली आणि नऊ नंबरच्या बेडपाशी गेले. तो हर्नियाच्या शस्त्रक्रियेचा तरुण रुग्ण होता. सुई लावायला गेले तर सलाइन आउट झालेले, म्हणजे सुई शिरेतून सुटलेली, हात सुजलेला. नवी शीर शोधण्यासाठी सामान आणायला मी परत ट्रॉलीपाशी आले आणि मोडलेली अँप्यूल उजेडात पाहिली. ती पाण्याची नव्हती. ती पोटॅशियम क्लोराइडची होती. ज्या वाचकांना हे ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते: हे औषध सलाइनच्या बाटलीत मिसळून, पातळ करून, तासन्‌तास थेंबाथेंबाने द्यायचे असते. तेच सिरिंजने सरळ शिरेत दिले, तर हृदय थांबू शकते.

मी सिरिंज मोरीत रिकामी केली, अँप्यूल फडक्यात गुंडाळून कचऱ्याच्या बादलीत तळाशी ढकलली आणि नवे औषध तयार करून फेरी पूर्ण केली. सकाळी ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीकडे काम सोपवताना, सांगितले, “बेड नऊचे सलाइन आउट झाले होते, बदलले.” त्यात खोटे काही नव्हते. नंतर अकरा वर्षे मी हे कोणालाही सांगितले नाही.

आता तुमच्या प्रश्नाशी याचा संबंध पाहा. त्या अकरा वर्षांत मला कोणी विचारले असते की तुमच्या हातून कधी मोठी चूक झाली आहे का, तर मी शपथेवर “नाही” म्हणाले असते, आणि ते खोटे बोलते आहे असे मला जाणवलेही नसते. कारण माझ्या मनाने त्या रात्रीला चूक असे नावच दिले नव्हते. तिचे नाव होते “देवाने वाचवले”. ज्या चुकीतून काही निष्पन्न झाले नाही, ती आपल्या स्मरणात चुकांच्या खात्यावर पडतच नाही. ती नशिबाच्या, देवाच्या किंवा फार तर “थोडक्यात निभावले” या खात्यावर जाते. तुम्ही आठवायला बसलात तेव्हा चुकांचे खाते उघडलेत आणि ते जवळजवळ कोरे निघाले. मला त्याचे मुळीच आश्चर्य वाटत नाही. दुसरे खाते उघडून पाहा. तीन वर्षे पहाटेच्या फेऱ्या केलेली अशी एकही परिचारिका मला भेटलेली नाही जिच्याकडे तसली एखादी पहाट नाही. त्या मुलीची आणि माझी कृती शेजारी शेजारी ठेवली तर माझी अधिक भयंकर होती, लेबल वाचण्याचा नियम दोघींनीही सारखाच मोडला होता, आणि फरक एवढाच होता की माझ्या रुग्णाची शीर वेळेवर सुटली आणि तिला तसे काही आडवे आले नाही.

स्वतःची चूक जवळ असली की माणूस आपोआप मवाळ होतो, असे मात्र समजू नका. माझ्या बाबतीत उलटे झाले. १९९४ मध्ये मी पहिल्यांदा वॉर्डाची प्रमुख झाले आणि वर्षभरातच एका मुलीने चौदा नंबरच्या रुग्णाचे आम्लपित्ताचे इंजेक्शन सोळा नंबरला दिले. रुग्णाला काडीचाही अपाय झाला नाही. तरी मी तिला सगळ्या पाळीसमोर उभे केले, डॉक्टरांच्या देखत ओव्हरच्या वहीत कबुली लिहून घेतली, आणि “अशांच्या हातात माणसे द्यायची कशी” असे वाक्य तिच्याकडे न पाहता भिंतीला उद्देशून म्हणाले. चार महिन्यांनी तिने बदली मागून घेतली. मी तेव्हा स्वतःला शिस्तप्रिय समजत होते. आज मला स्पष्ट दिसते की मी तिला ओरडत नव्हते, बादलीच्या तळाशी दडवलेल्या अँप्यूलला ओरडत होते. म्हणून मी असे म्हणेन की लपवलेली चूक माणसाला कठोर करते आणि उघड केलेली चूकच त्याला नरम करते. नुसते आठवणे पुरेसे नसते. ते कोणत्या रीतीने आठवतो यावर सारे अवलंबून असते. माझ्या वरच्या पिढीतल्या काही बाईंचा तर्क आणखी वेगळा होता: “आम्हाला कोणी सोडले नाही, मग आम्ही का सोडावे?” त्यांनाही आपल्या चुका उत्तम आठवत होत्या. पण त्यांना चूक आठवत नव्हती, शिक्षा आठवत होती, आणि ती त्या व्याजासकट पुढच्या पिढीकडून वसूल करत होत्या.

दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते आणि आपल्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, असे आपण म्हणतो आणि त्यात ढोंगाचा वास आहे असे मानतो. पण यात ढोंगापेक्षा जागेचा भाग अधिक आहे. एडवर्ड जोन्स आणि रिचर्ड निस्बेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये ही गोष्ट नेमकेपणाने मांडली: करणारा स्वतःच्या वागण्याचे कारण परिस्थितीत शोधतो आणि पाहणारा तेच कारण करणाऱ्याच्या स्वभावात शोधतो. पुढे १९७७ मध्ये ली रॉस यांनी पाहणाऱ्याच्या या कलाला कारण लावण्यातली मूलभूत चूक असेच नाव दिले. याला कारणही साधे आहे. मी चुकते तेव्हा माझी नजर बाहेर असते. मला चाळीस बेड, मिणमिणता दिवा, आतून येणारी हाक दिसते, मी स्वतः मला दिसत नाही. ती चुकते तेव्हा माझी नजर तिच्यावर असते. मला ती दिसते आणि तिच्याभोवतीचे काही दिसत नाही. म्हणून माझ्या चुकीची आठवण परिस्थितीसकट येते आणि तिच्या चुकीची आठवण नुसत्या चेहऱ्यासकट येते.

जेम्स रीझन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांची गोष्ट मी विद्यार्थिनींना हमखास सांगते. मानवी चुका कशा घडतात याच्या आजच्या अभ्यासाचा पाया बऱ्याच अंशी त्यांनी घातला. रुग्णालयांतून चुकांचे स्पष्टीकरण करताना छिद्रे असलेल्या चीजच्या चकत्यांचे जे चित्र आता सगळीकडे दाखवतात तेही त्यांचेच. एका चकतीचे छिद्र दुसरी झाकते, पण एखाद्या दिवशी सगळी छिद्रे एका रेषेत येतात आणि अपघात आरपार जातो, असा त्याचा आशय. या अभ्यासाकडे ते वळले ते १९७० च्या दशकात स्वतःच्याच घरातल्या एका चुकीमुळे. ते चहा करत होते, मांजर भुकेने ओरडत आले, त्यांनी मांजराच्या खाद्याचा डबा उघडला आणि चमचाभर खाद्य चहाच्या किटलीत टाकले. एखादा माणूस चिडला असता, हसला असता, विसरला असता. त्यांनी विचारले की माझ्या हाताने हे केले कसे. नंतर त्यांनी लोकांना आपापल्या अशा फजितींची रोजनिशी ठेवायला लावली आणि त्यातून दिसले की या चुका बावळट किंवा निष्काळजी माणसांची मक्तेदारी नाहीत. सरावाने हात आपोआप चालू लागतो तिथेच त्या सर्वांत जास्त होतात. म्हणजे सुया देण्यात मुरलेला हात हाच अँप्यूल न वाचता मोडणारा हात असतो. त्या संशोधनातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट ही की त्याची सुरुवात स्वतःच्या किटलीपासून झाली.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगते. ही रीत मी कोणाकडून शिकले नाही. माझ्या दुरुस्तीसाठी मीच बसवली आणि नंतर अनेक परिसेविकांकडून करून घेतली. दोन कोरे कागद घ्या. पहिल्या कागदावर तुमची ती “देवाने वाचवले” वाली घटना लिहा, पण रुग्णालयाच्या घटना-अहवालाच्या भाषेत, तृतीयपुरुषी, परिस्थितीचा एक शब्दही न घालता. माझा कागद असा होता: “रात्रपाळीच्या अधिपरिचारिकेने बेड क्र. ९ च्या रुग्णाचे प्रतिजैविक तयार करताना लेबल न वाचता पोटॅशियम क्लोराइड वापरले. भरलेली सिरिंज रुग्णापर्यंत नेली. चूक लक्षात आल्यावर अँप्यूल दडवली. घटनेची नोंद केली नाही व वरिष्ठांना कळवले नाही.” हे वाचल्यावर माझी पहिली प्रतिक्रिया अशी झाली की या बाईला ताबडतोब कामावरून दूर करायला हवे. ती बाई मी आहे हे ठाऊक असूनही झाली.

दुसऱ्या कागदावर त्या मुलीची चूक लिहा, मात्र “मी” असे म्हणून, ती स्वतः सांगते आहे अशा रीतीने, आजूबाजूच्या सगळ्या तपशिलांसह. “मला रुजू होऊन इतके आठवडे झाले होते. त्या दिवशी माझ्याकडे इतके रुग्ण होते. कुपी मला अमक्याने आणून दिली. तेव्हा मी अमुक काम अर्धवट टाकून आले होते. १०० युनिटची कुपी मी त्याआधी इतक्या वेळा पाहिली होती. सिरिंजच्या टोपीचा रंग पाहायचा असतो हे मला अमक्याने, अमक्या दिवशी दाखवले होते, किंवा कोणीच दाखवले नव्हते.” ज्या तपशिलाची माहिती तुमच्याकडे नाही तिथे अंदाज बांधू नका, रिकामी जागा सोडा. लिहून झाले की रिकाम्या जागा मोजा. माझ्या अनुभवात हा कागद अर्ध्याहून अधिक रिकामा निघतो, आणि त्या रिकाम्या जागा पाहताना सहा महिने आपण कशावर रागावलो होतो हे कळते. आपण एका अशा घटनेवर रागावलेलो असतो जिची निम्मी हकीकत आपण कधी विचारलेलीच नसते. चौकशीत “लेबल का वाचले नाही” हे विचारले जाते. “त्या वेळी तुझ्या हातात आणखी काय होते” हे सहसा विचारले जात नाही.

आमच्याकडे एक जैन सहकारी होत्या. दरवर्षी संवत्सरीनंतर कामावर आल्या की स्वीपरपासून सर्जनपर्यंत प्रत्येकाला हात जोडून “मिच्छामि दुक्कडम्” म्हणत क्षमा मागत. आम्ही ते सणाच्या शुभेच्छांसारखे घेत असू. एकदा त्यांनीच सांगितले की क्षमा मागण्याआधी प्रतिक्रमण करायचे असते, म्हणजे मागे फिरून आपल्या वर्षभराच्या दोषांवरून एकेक करून जायचे असते. आधी क्षमा मागून मग आठवत बसायचे नसते. हा क्रम तेव्हा मला नुसता धार्मिक वाटला होता. आज मला तो व्यवहाराच्या दृष्टीनेही बरोबर वाटतो.

क्षमेची सीमा कुठे आहे, हे इथे सांगायलाच हवे, कारण ती न ओळखता केलेली क्षमा रुग्णाच्या जिवावर उठते. पहिली गोष्ट, रुग्णाच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार ना तुम्हाला आहे ना मला. ज्याच्या शरीरात ५० युनिट गेले त्याला आणि त्याच्या घरच्यांना काय घडले ते सांगितले गेले पाहिजे. ते सांगितले नसेल, तर तुमच्या मनातला राग गेला काय आणि राहिला काय, देणे तसेच उभे राहते. दुसरी गोष्ट, हात घसरणे आणि जाणूनबुजून फसवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. रक्तदाब न मोजताच तक्त्यावर १२०/८० लिहून ठेवणारी मुलगी आणि कुपी ओळखण्यात चुकलेली मुलगी यांना एकाच मापाने मोजू नये. कोणती चूक कोणत्या जातीची आहे हे ठरवण्यासाठी एक जुनी कसोटी आहे. तिच्या जागी तेवढेच शिक्षण आणि तेवढाच अनुभव असलेली दुसरी एखादी चांगली मुलगी, त्याच दिवशी, त्याच गर्दीत, तीच कुपी हातात घेऊन उभी असती, तर तीही चुकली असती का? उत्तर “असू शकते” असे आले, तर दोष तिच्या स्वभावात शोधण्यात अर्थ नाही. उत्तर ठामपणे “नाही” असे आले, तर शिक्षण, समज किंवा शिक्षा यांपैकी जे लागेल ते करावे, आणि तेही राग न ठेवता करता येते. मी पुढे एकीला खोट्या नोंदींसाठी कामावरून कमी करण्याची शिफारस केली आणि त्या रात्री मला शांत झोप लागली. कारण त्या शिफारशीत माझी अँप्यूल मिसळलेली नव्हती.

शिस्तीबद्दल तुम्ही विचारले आहे. शिस्त कशाने बिघडते याबद्दल माझे मत अनुभवाने बदलले. १९९९ साली अमेरिकेतील वैद्यकशास्त्राच्या राष्ट्रीय संस्थेने एक अहवाल काढला, ज्यात तिथल्या रुग्णालयांत टाळता येण्याजोग्या चुकांमुळे दरवर्षी ४४,००० ते ९८,००० माणसे दगावत असावीत असा अंदाज होता. आकड्यांवर पुष्कळ वाद झाले; ते मी बाजूला ठेवते. अहवालाचा गाभा मात्र असा होता की दोषी माणूस शोधून त्याला झोडपण्याच्या रिवाजामुळे चुका कमी होत नाहीत, त्या लपतात. मला हे समजायला अहवालाची गरज नव्हती, माझी बादली पुरेशी होती. पण योगायोग असा की त्याच वर्षी मी पहिल्यांदा एका वर्गासमोर १९८८ ची रात्र सांगितली. वर्ग संपल्यावर तीन मुली थांबल्या आणि तिघींनीही आपापली पहाट सांगितली. त्यांतल्या एकीची तर चार दिवसांपूर्वीची होती आणि त्या रुग्णाचे औषध अजून चालू होते. ती चूक तिथल्या तिथे दुरुस्त करता आली. माझ्या कडकपणाच्या पाच वर्षांत एकही मुलगी अशी आपणहून आली नव्हती. चुका त्या काळातही तेवढ्याच होत असणार. त्या माझ्यापर्यंत पोहोचत नव्हत्या आणि मी त्या न पोहोचण्यालाच शिस्त समजत होते.

पुढच्या वर्षी, म्हणजे २००० मध्ये, अल्बर्ट वू या अमेरिकी डॉक्टरांनी चूक करून बसलेल्या डॉक्टर-परिचारिकांना “दुसरा बळी” म्हटले. पहिला बळी अर्थातच रुग्ण. हा शब्द काहींना खटकतो आणि रुग्णाच्या नातेवाइकाला तो खटकणे मी समजू शकते. पण त्यातले निरीक्षण खरे आहे. अशी मुलगी पुढच्या काही महिन्यांत एकतर काम सोडते, नाहीतर घाबरून हळू आणि गोंधळलेली होते, आणि घाबरलेल्या हाताकडून पुढची चूक होण्याचा संभव अधिक असतो. तुम्ही तिची प्रत्येक नोंद दोनदा तपासता, त्यामागची काळजी मी जाणते. पण ते तपासणे फक्त तिचेच होत असल्याने वॉर्डातल्या प्रत्येकीला कळते की इथे एकदा चुकले की कपाळावर शिक्का बसतो. दुहेरी तपासणी अवश्य ठेवा, मात्र ती इन्शुलिनसाठी ठेवा, प्रत्येक पाळीत, प्रत्येकीसाठी, तुमच्या स्वतःसाठीसुद्धा. तपासणी औषधाची असली की ती सुरक्षा असते. एकाच माणसाची असली की ती पाळत होते.

आता ज्या गोष्टीसाठी इतका वेळ घेतला ती. तुम्ही लिहिता की तिच्याएवढी मोठी चूक तुम्हाला स्वतःची सापडली नाही. मी दुरून, फक्त तुमच्या पत्रावरून बोलते आहे, म्हणून माझे चुकत असेल तर सोडून द्या. तुमच्या वॉर्डात सगळ्या सिरिंज ४० च्या होत्या. बाहेरून येणारी कुपी १०० ची असू शकते हे तुम्हाला इतक्या वर्षांच्या अनुभवाने माहीत होते, तिला नसेल. नातेवाइकांनी आणलेले औषध थेट पाळीवरच्या मुलीच्या हातात जाऊ नये, ते आधी कोणीतरी पाहून, नोंदवून घ्यावे, अशी व्यवस्था होती का? नवी मुलगी रुजू झाल्यावर तिला लाल टोपीची आणि नारिंगी टोपीची सिरिंज शेजारी शेजारी धरून कोणी दाखवली होती का? सर्वसाधारण वॉर्डात एका परिचारिकेमागे पाच-सहा रुग्ण असावेत हे निकष कागदावरच राहतात आणि तो दोष तुमचा नाही. पण टोप्या दाखवायला दोन मिनिटे लागतात. मला वाटते तुम्ही जी चूक शोधत होता ती दुसऱ्या कुठल्या वर्षात नव्हती, ती याच घटनेत होती, तिच्या चुकीच्या अगोदर घडलेली आणि तिच्याहून शांतपणे घडलेली. आणि तुमचा राग सहा महिने टिकण्याचे कारणही मला तेच वाटते. परक्या माणसाच्या चुकीचा राग इतका टिकत नाही. ज्या चुकीत आपला वाटा असतो आणि तो आपण अजून उचललेला नसतो, तिचाच राग असा रोज सकाळी नवा होऊन येतो.

हे वाचून तुम्हाला माझाही राग आला, तर तो येऊ द्या. मला त्या कडकपणाच्या वर्षांत कोणी हे सांगितले असते, तर मीही त्या माणसाचे तोंड पाहिले नसते.

सोळा नंबरच्या बेडवरून जिला मी अपमानित केले होते ती मला पुढे एका प्रशिक्षणात भेटली. तोवर ती स्वतः परिसेविका झाली होती. जेवणाच्या सुट्टीत मी तिला सर्व सांगितले, १९८८ सकट, आणि माफी मागितली. ती बराच वेळ ताटातला भात चिवडत राहिली आणि म्हणाली, “मॅडम, तुम्ही ओरडलात त्याचे काही वाटले नव्हते. तुम्ही भिंतीकडे पाहून बोललात, ते मला आजही आठवते.” माफ केले असे ती म्हणाली नाही आणि मीही विचारले नाही. हे मुद्दाम सांगते, कारण तुम्ही उद्या त्या मुलीशी बोलाल तेव्हा ती लगेच सुटकेचा श्वास सोडेल अशी अपेक्षा ठेवू नका. सहा महिने तिने तुमचा आवाज ऐकलेला आहे.

बोलायला बोलवाल तेव्हा ओव्हरची वेळ टाळा; त्या वेळी तिला घरी जायची घाई असते आणि सगळ्यांचे कान तिकडे असतात. दुपारची औषधांची फेरी झाल्यावर, औषधांच्या कपाटापाशी, काम करता करता बोललेले बरे पडते. समोरासमोर खुर्च्या मांडल्या की पुन्हा चौकशीच सुरू झाल्यासारखे वाटते. आधी रिकाम्या जागांचे प्रश्न विचारा आणि ती सांगते ते मधे न तोडता ऐका. मग तुमचा वाटा सांगा. “म्हणून मी तुला माफ केले” हे वाक्य बोलू नका, त्याने ती पुन्हा खाली आणि तुम्ही पुन्हा वर जाऊन बसता. आणि हे सर्व करण्याआधी, शक्य झाले तर आदल्याच दिवशी, ४० च्या आणि १०० च्या कुप्या दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवा, प्रत्येक कप्प्यात तिच्याच मापाच्या सिरिंज ठेवा, आणि बाहेरून येणारी प्रत्येक कुपी आधी तुमच्याकडे येईल अशी सूचना फळ्यावर तुमच्या सहीने लिहा. तुम्ही बोलत असताना ते कप्पे तिच्या समोर असू द्या.